पानेटच्या पेशी

लहान आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात. त्यांच्या तळाशी ठळक कणांनी भरलेल्या ज्या पेशी दिसतात त्यांना आपण पानेटचे नाव देतो. वास्तविक गुस्ताव श्वाल्बे यांनी त्या १८७२ मध्येच नोंदवल्या होत्या. व्हिएन्नाच्या योसेफ पानेट यांनी १८८८ मध्ये सविस्तर वर्णन केले आणि श्रेय (शास्त्रात हे नवे नाही) उत्तराधिकाऱ्याकडे गेले. तरीही पानेट यांच्यावर आम्हाला रोष धरवत नाही. फ्रॉइडचे हे स्नेही १८९० मध्ये, अवघे ३२ वर्षांचे असताना, क्षयाने गेले. त्या कणांचे प्रयोजन विसाव्या शतकात उलगडले: लायसोझाइम आणि डिफेन्सिन ही जंतुनाशक द्रव्ये त्यांत साठवलेली असतात. क्षयाचा जंतू मात्र कॉख यांनी पानेट यांच्या हयातीतच, १८८२ मध्ये, दाखवला होता.