सहासष्ट क्रमांकाच्या रस्त्यावरील नवले



ताशी पन्नास मैलांच्या वेगाने एक मोटार सरळ रस्त्याने चालली आहे. पुढे दमलेले आईबाप आणि मागे कंटाळलेली मुले. रस्त्याच्या कडेला तुमचे लहानसे दुकान आहे, आणि अशा गाड्या थांबल्या तरच तुमच्या घरी चूल पेटणार आहे. आपला मंडईतला बागवान ओरडून गिऱ्हाईक बोलावतो; येथे ओरडण्याचा उपयोग नाही. पाटी लावावी, तर ती वाचून होईतो गाडी अर्धा फर्लांग पुढे गेलेली असते. मग करावे काय? अमेरिकेतील सहासष्ट क्रमांकाच्या हमरस्त्यावर शेकडो लहान दुकानदारांपुढे हा प्रश्न होता. त्यांनी शोधलेली उत्तरे ऐकून हसू येते खरे. परंतु ती पोटाच्या चिंतेतून निघालेली होती.

हा रस्ता १९२६ साली नकाशावर आला. शिकागो शहरापासून निघून इलिनॉय, मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना ही राज्ये ओलांडीत तो कॅलिफोर्नियात पॅसिफिक महासागराला भिडत असे. लांबी सुमारे २,४०० मैल. त्यांपैकी कॅन्ससच्या वाट्याला जेमतेम तेरा! ओक्लाहोमातील टल्सा गावचे सायरस एव्हरी यांना या रस्त्याचे जनक म्हणतात. त्यांना साठ हा आकडा हवा होता. केंटकीच्या गव्हर्नरांनी हरकत घेतली आणि सहासष्टावर तडजोड झाली. आकडा कोणताही असो, या रस्त्याचा खरा विशेष हा की, तो गावांना वळसा घालीत नसे. गावाच्या मुख्य पेठेतूनच तो जाई. अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी नागवलेली हजारो शेतकरी कुटुंबे १९३० नंतरच्या दशकात याच वाटेने पश्चिमेकडे गेली. दुसरे महायुद्ध संपल्यावर मात्र हौसेने हिंडणाऱ्यांची रीघ लागली, आणि येथूनच आपल्या नवलांचा बहर सुरू झाला.

त्याची चुणूक आधीच दिसली होती. मिसुरी राज्यात मेरामेक नावाच्या गुहा आहेत. त्यांचे चालक लेस्टर डिल यांनी रस्त्याकाठच्या शेतकऱ्यांची कोठारे फुकट रंगवून देण्याचा सपाटा लावला. अट एकच, छपरावर किंवा भिंतीवर गुहेचे नाव ठळक अक्षरांत झळकले पाहिजे. शेतकऱ्याचे कोठार रंगले आणि डिल यांची जाहिरात अनेक राज्यांत पसरली. जेसी जेम्स हा नामांकित दरोडेखोर या गुहेत लपून राहिला होता, असेही ते सांगत. इतिहासाच्या दृष्टीने आधार तोकडा, पण गिऱ्हाइकीच्या दृष्टीने भरपूर! ॲरिझोनातील जोसेफ सिटीजवळच्या एका दुकानाने तर पिवळ्या फळ्यांवर काळा ससा रंगवून त्या दूरदूरपर्यंत रस्त्याकडेला रोवल्या. मैलामागून मैल ससा दिसत राही, मुलांचा धोशा वाढत जाई, आणि शेवटी दुकानासमोरच्या भल्यामोठ्या फलकावर, हेच ते ठिकाण, अशा अर्थाची अक्षरे येत. तोवर बापाचा धीर सुटलेला असे.

मला सर्वांत मौजेची वाटते ती त्याच राज्यातील हॉलब्रुक गावची तंबूंची वसाहत. चेस्टर लुइस यांनी १९५० साली ती बांधली. पंधरा शंकूच्या आकाराच्या खोल्या, दिसायला तंबू, पण पक्क्या बांधणीच्या. आत पलंग, स्नानगृह, सारे काही. मूळ कल्पना केंटकीच्या फ्रँक रेडफर्ड यांची. तिच्या हक्काचा मोबदला त्यांनी ठरवला तो असा : खोल्यांत पैसे टाकून ऐकण्याचे रेडिओ ठेवावेत, दहा सेंटांचे नाणे टाकले की अर्धा तास रेडिओ वाजावा, आणि ती नाणी रेडफर्ड यांना पोचती व्हावीत. नभोवाणीवरून बोलताना हा करार आठवल्यावाचून राहत नाही. मास्तरकीच्या सवयीने एक दुरुस्तीही करतो. या खोल्यांना ‘विगवॅम’ म्हणतात, ते चूक आहे. विगवॅम ही ईशान्येकडील मूळ रहिवाशांची घुमटाकार झोपडी. शंकूसारखा तंबू तो ‘टीपी’, मैदानी प्रदेशातील लोकांचा. आणि हॉलब्रुकच्या शेजारी राहणारे नावाहो लोक या दोहोंपैकी कशातच राहत नसत. त्यांचे घर ‘होगन’. ज्यांच्या नावावर गिऱ्हाईक जमवायचे, त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या हमरस्त्याची हाक सर्वांसाठी होती, असेही समजू नये. कृष्णवर्णीय प्रवाशाला कित्येक ठिकाणी खोली मिळत नसे, जेवण मिळत नसे. काही गावांत सूर्यास्तानंतर त्याने दिसूच नये असा दंडक होता. म्हणून न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपालवाल्याने १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापण्यास आरंभ केला. कोणत्या गावात कोण आश्रय देईल, याची ती यादी. त्यांच्या मृत्यूनंतरही, साठोत्तर दशकापर्यंत ती निघत होती. एका मोटारीतली मुले सशाची पाटी शोधीत. दुसऱ्या मोटारीतले आईबाप त्या पुस्तकातले पान शोधीत. रस्ता मात्र एकच.

१९५६ साली अमेरिकेने नव्या महामार्गांचा कायदा केला. हे मार्ग रुंद, वेगवान, आणि गावांना टाळून जाणारे. ज्या पेठेतून कालपर्यंत जग वाहत होते, ती एका दिवसात गल्ली होऊन बसे. हॉलब्रुकची तंबूवसाहत १९७४ साली बंद पडली. योगायोग असा की, त्याच वर्षी टेक्ससमधील अमारिलोजवळ स्टॅन्ली मार्श या धनिकाच्या जमिनीत काही कलावंतांनी दहा कॅडिलॅक मोटारी नाक खाली, शेपूट वर अशा पुरून उभ्या केल्या. विक्रीला काही नाही, थांबवायचेही कोणाला नाही. पोटासाठी केलेली नवले मरत होती आणि गंमत म्हणून केलेले जन्मत होते! लोक येतात आणि त्या गाड्यांवर रंगाचे फवारे मारून जातात.

ॲरिझोनातील सेलिग्मन गावावरून नवा मार्ग वळला तो २२ सप्टेंबर १९७८ रोजी. तेथे एंजल डेलगाडिलो नावाचे केशकर्तनकार होते. जन्म १९२७ चा, त्याच गावातला. गाड्यांचा ओघ एकाएकी आटलेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १९८५ साली तर सरकारने सहासष्ट हा क्रमांकच यादीतून काढून टाकला. डेलगाडिलो यांनी १९८७ साली आसपासच्या लोकांना जमवून एक संस्था स्थापली, सरकारदरबारी खेटे घातले, आणि सेलिग्मन ते किंगमन हा तुकडा ऐतिहासिक मार्ग म्हणून त्याच वर्षी जाहीर करवून घेतला. मग इतर राज्यांतही अशा संस्था निघाल्या. पुढच्याच वर्षी हॉलब्रुकचे तंबू लुइस कुटुंबाने पुन्हा उघडले. पूर्वी लोक कोठेतरी जाताना वाटेत थांबत. आता तेच पाहण्यासाठी लोक दूरदेशांहून निघू लागले.

त्या केशकर्तनकारांचे बंधू ह्वान यांचे याच गावात खाण्याचे दुकान होते, १९५३ साली बांधलेले. ह्वान मोठे थट्टेखोर. दुकानाच्या दाराला त्यांनी दोन्ही बाजूंनी मुठी बसवल्या होत्या. गिऱ्हाईक नेमकी बिजागरीकडची मूठ ओढीत बसे. मोहरीच्या चटणीची बाटली गिऱ्हाइकावर दाबावी, त्याने दचकून मागे सरावे, आणि आतून निघावा नुसता पिवळा दोरा! २००४ साली ते वारले. दुकान घरच्यांनी चालू ठेवले, आणि दाराच्या त्या दोन मुठीही.