दिवेकर कुठले?

दिवेआगर म्हटलं की बहुतेकांना सोन्याचा गणपती आठवतो. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना सापडलेला आणि २०१२ साली दोन रखवालदारांचे जीव घेऊन चोरीला गेलेला. त्या मानाने गावाच्या नावाने ओळखला जाणारा तांब्याचा पत्रा फार कमी लोकांना ठाऊक असतो. तो शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत त्याची गणना होते.

त्यात गावातल्या काही मंडळींची नावं आहेत. माझं लक्ष गेलं ते नावांच्या शेपटांकडे. कुणी षडंगवी आहे, कुणी घैसास. षडंगवी म्हणजे वेदाची सहा अंगं जाणणारा. ही शिकून मिळवायची गोष्ट झाली. घैसास हीसुद्धा त्या काळी पदवीच होती. षडंगवी आडनावाचं कुणी मला अजून भेटलेलं नाही, घैसास मात्र पुष्कळ आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वी कुणीतरी अभ्यास केला आणि पुढच्या तीसेक पिढ्या तो निकाल नावापुढे लावताहेत. हसण्यासारखं काही नाही. पारशांत ‘इंजिनिअर’ हे आडनाव आहेच, आणि ते लावणाऱ्या प्रत्येकाने डिग्री घेतलेली असते असं नाही. मी घेतलीय, पण माझ्या आडनावाला त्याचा पत्ता नाही.

आडनाव रक्ताचा पुरावा असतो, असं आपण फारसा विचार न करता धरून चालतो. दिव्याच्या बाबतीत तो पुरावा लगेच डळमळतो.

मुंबईत मशीद बंदरजवळ सॅम्युअल स्ट्रीट आहे. हे नाव सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांचं. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले. हे ‘बनी इस्राईल’ आहेत, कुराणात ज्यांचा उल्लेख येतो ते, असं कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, कूळ सांगितल्यामुळे माणूस वाचल्याच्या गोष्टी इतिहासात कमीच सापडतात. उलट प्रकारच्या ढीगभर. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. आडनाव मात्र राहिलं दिवेकर.

बेने इस्राएलांची आडनावं अशीच आहेत: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल हे किहीमकर. हिंदूंतही दिवेकर आहेत आणि त्यांतले काही पुरंदरच्या दिव्याचे असणार. ‘कर’ हा प्रत्यय तुम्ही कुठून आलात एवढंच सांगतो. कुणाच्या पोटचे, ते सांगत नाही. माझ्या मते मराठी भाषेने केलेलं हे एक शहाणपणाचं काम आहे.

पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. मूळपुरुष लागतोच. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. सगळा समाज त्यांचा. याच किनारपट्टीवरच्या चित्पावनांची कथा सह्याद्रिखंडात आहे: समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेतं परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली. चित्पावनांची गोत्रंही चौदा. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे मृत्यू आणि दोन्हीकडे चौदा! कुणी कुणाकडून उचललं यावर वाद घालणारे वाद घालतात. मला त्यापेक्षा दोन्ही कथांमधलं साम्य महत्त्वाचं वाटतं. ‘आम्ही इथले नाही, पण आम्हाला या किनाऱ्यानेच जन्म दिला’ हे एकाच वाक्यात सांगायचं, तर जहाज फुटण्यासारखी सोय नाही. आधीची सगळी वंशावळ बुडते आणि पाटी कोरी होते.

ही कोरी पाटी पुढे महागात पडली. १९४८ नंतर बेने इस्राएल हजारोंनी इस्राएलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना काढली: या समाजातलं कुणी आलं, तर त्याची आई, आजी आणि जमेल तितकं मागे जाऊन सगळ्या ज्यूच होत्या का, ते तपासा. कोकणात कुणाकडे होता असा कागद? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारीपाजारी ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्यांचा ज्यू असण्याचा सर्वांत जुना दाखला म्हणजे तो बंद घाणाच. माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींना सूचनेतून या समाजाचं नाव काढावं लागलं. पूर्वज कोण याचा निकाल बहुमताने लागला.

पुढे २०१६ साली त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यू आणि भारतीय, दोन्ही वाटे भरघोस निघाले. संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे ताम्रपटाचा काळही त्या पट्ट्यात येतो. ज्यू वाटा जास्त करून पुरुषांकडून आलेला, भारतीय वाटा स्त्रियांकडून. रब्बी ज्या आज्यांच्या आज्यांची चौकशी करत होते, त्यांतल्या बऱ्याच कोकणातल्याच होत्या. हा शोधनिबंध १९६४ साली कुणाच्या हातात नव्हता हे बरंच झालं.

आमच्या धंद्यात ‘ट्री’ची व्याख्या कडक असते: प्रत्येक नोडला वरचा नोड एकच. कुलवृत्तांतातला वंशवृक्ष या व्याख्येत चपखल बसतो, कारण त्यात आया धरलेल्याच नसतात. त्या धरल्या तर दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. तीस पिढ्या मागे गेलात की १०७ कोटी जागा भरायच्या, आणि त्या काळी अख्ख्या पृथ्वीवर माणसं होती अंदाजे ३० कोटी. म्हणजे तेच तेच पूर्वज वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. झाड नाही, जाळं आहे. ताम्रपटातल्या षडंगवीला नातवंडं-पतवंडं झाली असतील आणि वंश टिकला असेल, तर आज कोकणात त्याचे वंशज नसलेला माणूस शोधणंच अवघड जाईल. त्यात दिवेकर आले. दोन्हीकडचे.

कुलवृत्तांतात मुलीची नोंद एका ओळीत आटपते: नाव, सासरचं नाव, गाव. पुढे ती फांदी खुंटते. सातबाऱ्यावर मात्र ती खुंटत नाही. १९५६ च्या कायद्याने हिंदू मुलगी वडिलांची वारस झाली. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि केंद्राने २००५ मध्ये. त्यावर हक्कसोड पत्र नावाचा उतारा घराघरांत शोधला गेला. बहिणीने सही करायची, भावाने साडीचोळी करायची. जिथे तेही राहून गेलं, तिथे काही गुंठ्यांच्या वाडीवर पंधरा-वीस नावं, त्यांतली निम्मी वारलेली. गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवही, भरून घ्यायला वेळ कुणाला?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. पिढ्यानपिढ्या उभ्या असलेल्या नारळी-पोफळी दुपारच्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ कलमाने होत नाही, बियांपासूनच करावी लागते आणि धरायला पाच-सात वर्षं घेते. बी काढताना बागाईतदार चांगली आई-पोफळ बघून ठेवतो. बाप कोण ते वाऱ्यालाच ठाऊक.

नुकसानभरपाईसाठी सातबारा लागला. सामाईक खातं असेल, तर बाकीच्यांची संमती लागली. मग मुंबईला, पुण्याला, नालासोपाऱ्याला आत्यांना फोन गेले.