बाल्टिमोरची घंटा

१० ऑक्टोबर हा दिवस जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. मानसिक आरोग्याच्या जागतिक महासंघाने १९९२ साली तो सुरू केला. दिन, सप्ताह, मास पाळण्याची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की, ते कोणासाठी पाळावयाचे हे विचारावयाचेच राहून जाते. हा प्रश्न आज आम्ही अमेरिकेतील एका घंटेला विचारणार आहोत.

अमेरिकेत असा सप्ताह १९४९ पासून पाळला जाऊ लागला. पुढे त्याचा अख्खा मे महिना झाला. या चळवळीचा मूळ पुरुष क्लिफर्ड बिअर्स. वेड्यांच्या इस्पितळात राहून, तेथला मार खाऊन बाहेर पडलेल्या या गृहस्थाने १९०८ साली आपली कहाणी छापली आणि दुसऱ्याच वर्षी एक राष्ट्रीय समिती उभी केली. तिच्या वारस संस्थेने पुढे देशभरच्या इस्पितळांतून रुग्णांना जखडण्याच्या बेड्या गोळा केल्या आणि १३ एप्रिल १९५३ रोजी बाल्टिमोर शहरातील मॅकशेनच्या ओतशाळेत त्या वितळवून ३०० पौंडांची घंटा ओतविली. कल्पना खरोखरच उदात्त होती.

परंतु बाल्टिमोरच्या दक्षिणेस पंचवीस-तीस मैलांवर क्राउन्सव्हिल नावाचे ठिकाण आहे. मेरीलंड राज्याने केवळ कृष्णवर्णीय मनोरुग्णांसाठी १९११ साली तेथे इस्पितळ उघडले. उघडले म्हणजे काय केले? पहिले बारा रुग्ण आणले, त्यांना एका शेडवजा घरात ठेवले आणि त्यांच्या हातून जमीन साफ करविली, इमारतींचे काम करविले. श्रम हेच वेडावरचे औषध, असे सांगण्याची तेव्हा रीत होती. त्या औषधाने सरकारच्या इमारतीही उभ्या राहतात, हा मात्र नवाच गुण म्हणावयाचा!

पहिली जवळजवळ चाळीस वर्षे तेथे रुग्ण काळे आणि नोकरवर्ग गोरा, असा प्रकार होता. १९५५ च्या सुमारास रुग्णांची संख्या २,७०० वर गेली. अपस्मार झालेली मुले, क्षयरोगी, ज्यांना ठेवावयास दुसरी जागा नाही असे सारेच तेथे येत. त्याच वर्षी तेथे एल्सी लॅक्स ही पंधरा वर्षांची मुलगी वारली. तिची आई हेन्रिएटा बाल्टिमोरच्या इस्पितळात कर्करोगाने १९५१ सालीच गेली होती. आईच्या शरीरातून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या, आणि लेक मात्र त्या गर्दीत एकटी मेली. घंटा ओतून तेव्हा दोन वर्षे झाली होती. मेरीलंडच्या मनोरुग्णालयांतील वर्णभेद मोडावयास १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. क्राउन्सव्हिलला पहिला कृष्णवर्णीय अधीक्षक मिळाला तो १९६४ साली.

तरीही काळी माणसे या वैद्यकाकडे सहजी वळली नाहीत, आणि त्याचे नवल वाटू नये. १८५१ साली कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टराने गुलामाच्या पळून जाण्याला एक मानसिक रोग ठरवून त्याला भारदस्त ग्रीक नाव दिले होते. पळणाऱ्याला वेडा म्हणणाऱ्या विद्येवर पळणाऱ्याच्या पणतवंडांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवावा?

हे मौन तोडण्यासाठी बेबी मूर कॅम्पबेल ही कृष्णवर्णीय लेखिका झटली. मनोरुग्ण मुलीसाठी धडपडणाऱ्या आईवर तिने २००५ साली कादंबरी लिहिली, लॉस एंजेलिसमध्ये अशा कुटुंबांसाठी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि २००६ साली ती गेली. तिच्या मैत्रिणींनी काम पुढे नेले. २००८ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने जुलै महिना अल्पसंख्याकांच्या मानसिक आरोग्यासाठी तिच्या नावाने मान्य केला. मे असताना आणखी जुलै कशाला, असे कोणी विचारील. मे महिन्याची घंटा क्राउन्सव्हिलला ऐकू गेली नव्हती म्हणून, असे आमचे उत्तर आहे.

आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत रांचीला १९१८ साली युरोपियनांचे वेगळे मनोरुग्णालय निघाले. जवळच हिंदी लोकांचे उघडले ते १९२५ साली. साखळ्यांची गोष्ट तर त्याहून अलीकडची. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळताच आले नाही. २८ जीव गेले. २०१७ च्या कायद्याने साखळी निषिद्ध केली आणि धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग यांवरून उपचारांत भेद करू नये असे लिहिले. त्या यादीत जात हा शब्दही आहे, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

क्राउन्सव्हिल २००४ साली बंद झाले. मागे राहिली दफनभूमी. तेथे दीड हजारांहून अधिक रुग्ण पुरलेले आहेत आणि बहुतेक दगडांवर नाव नाही, नुसता आकडा आहे. आसपासच्या लोकांनी जुने दाखले चाळून आकड्यांमागची नावे शोधावयास घेतली. त्यांनीही एक दिवस पाळावयाचा ठरविला आहे. त्या दिवशी तेथे माणसे जमतात आणि सापडलेली नावे मोठ्याने वाचतात.