हेटेरोक्रोमॅटिन

कोशिकेच्या (पेशीच्या) केंद्रकात डीएनए व प्रथिने यांच्या संयोगाने बनलेल्या द्रव्यास क्रोमॅटिन म्हणतात. त्याच्या घट्ट गुंडाळलेल्या व बहुतांशी निष्क्रिय भागास हेटेरोक्रोमॅटिन आणि सैल, क्रियाशील भागास यूक्रोमॅटिन अशा संज्ञा आहेत.

इतिहास : एमील हाइट्स यांना १९२८ मध्ये शेवाळी वनस्पतींत असे आढळले की, कोशिका-विभाजनानंतर गुणसूत्रांचे काही भाग विरळ न होता गडदच राहतात. वरील दोन्ही संज्ञा त्यांनीच रूढ केल्या. १९३० मध्ये एच. जे. म्यूलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या ड्रॉसोफिला माशांत तांबडे-पांढरे ठिपकेदार डोळे आढळल्याचे नोंदविले. अशा माशांत तांबड्या रंगास आवश्यक असलेला जीन शाबूत असतो. परंतु गुणसूत्राची पुनर्रचना होऊन तो हेटेरोक्रोमॅटिनाशेजारी गेल्याने काही कोशिकांत निष्क्रिय होतो. जीनाचे कार्य त्याच्या स्थानावरही अवलंबून असते, हे यावरून दिसले. त्यामागील यंत्रणा मात्र अज्ञात राहिली.

आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये वेगळी केलेली हिस्टोन प्रथिने ही डीएनएची केवळ वेष्टने होत, अशी समजूत दीर्घकाळ होती. व्हिन्सेंट ऑलफ्रे व त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये हिस्टोनांच्या ॲसिटिलीकरणाचा आरएनए-निर्मितीशी संबंध दाखवून तिला धक्का दिला. १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी क्रोमॅटिनाच्या एककाची कल्पना मांडली. न्यूक्लिओसोम या नावाच्या ह्या एककात चार प्रकारच्या हिस्टोनांच्या प्रत्येकी दोन, अशा आठ रेणूंभोवती डीएनएच्या सु. १४७ क्षारक-जोड्या गुंडाळलेल्या असतात.

यंत्रणा : हिस्टोनांची शेपटीसारखी टोके न्यूक्लिओसोमाबाहेर आलेली असतात व रासायनिक बदल मुख्यत्वे त्यांवर होतात. लायसीन या ॲमिनो अम्लास ॲसिटिल गट जोडला गेल्यास त्याचा धन विद्युत् भार नाहीसा होऊन ऋण भारित डीएनएवरील पकड सैल होते. मिथिल गटाने भार बदलत नाही. तो खुणेप्रमाणे इतर प्रथिनांकडून ओळखला जातो. टोमास येनुवाइन व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये एच-३ हिस्टोनातील नवव्या लायसिनास मिथिल गट जोडणारे एंझाइम ओळखले. माशीच्या डोळ्यांतील ठिपक्यांवर परिणाम करणाऱ्या उत्परिवर्तनांतून सापडलेल्या एका जीनाशी त्याचे साधर्म्य आहे. एचपी-१ हे प्रथिन याच खुणेला चिकटते, असे २००१ मध्ये दिसून आले. त्याच्या साहाय्याने एंझाइम शेजारच्या न्यूक्लिओसोमावरही तीच खूण करते आणि घट्टपणा पुढे पसरतो. म्यूलर यांच्या ठिपक्यांचा उलगडा सत्तर वर्षांनंतर असा झाला.

महत्त्व : गुणसूत्रांच्या अचूक वाटणीस हेटेरोक्रोमॅटिन आवश्यक असते. वरील एंझाइमाचा अभाव असलेल्या उंदरांत गुणसूत्रांची अस्थिरता व अर्बुदांचा वाढलेला धोका २००१ मध्ये आढळला. मिथिल गट काढून टाकणारे एक हिस्टोन-एंझाइम यांग शी व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये शोधल्याने या खुणाही पुसता येण्याजोग्या आहेत, हे स्पष्ट झाले. ॲसिटिल गट काढणाऱ्या एंझाइमांना रोधणाऱ्या व्होरिनोस्टॅट या औषधास २००६ मध्ये अमेरिकेत त्वचेतील एका लसीका-कर्करोगासाठी मान्यता मिळाली.