पाव अंशाचा इतिहास



शाळेंतील माझें टेबल कित्येक वर्षें एका पायानें लंगडें होतें. त्या पायाखालीं मी कागदाची घडी सारीत असें आणि टेबल स्थिर होई. ही युक्ति घरोघरीं ठाऊक आहे. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, तो या घडीचाच इतिहास आहे. फरक इतकाच, कीं ती घडी पोलादाची आहे आणि ताशीं दीडशें मैलांच्या वेगासाठीं बांधलेल्या मोटरींत ती बसविलेली आहे. कारखान्यांत तिला ‘शिम’ म्हणतात. शिम म्हणजे दोन भागांमध्यें अंतर राखण्यासाठीं घातलेली पत्र्याची पातळ चकती किंवा पट्टी.

गाडीचें चाक जमिनीशीं कोणत्या कोनानें असावें, हा प्रश्न मोटरीहून फार जुना आहे. युरोपांतील घोडागाड्यांचीं चाकें बशीसारखीं किंचित् खोलगट असत आणि आंसाचीं टोकें थोडीं खालीं वांकविलेलीं असत. त्यामुळें ज्या आऱ्यावर भार पडे, तो त्या क्षणीं जवळजवळ उभा राही. पुढें म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नांवाच्या गाडी बांधणाऱ्या कारागिरानें आणखी एक गोष्ट हेरली. गाडी वळतांना आंतलें चाक बाहेरच्या चाकापेक्षां अधिक वळलें पाहिजे. नाहीं तर एक चाक फरफटत जातें. त्याच्या वतीनें रुडॉल्फ आकरमान यांनीं 1818 सालीं इंग्लंडांत या रचनेचें पेटंट घेतलें. शोध एकाचा आणि नांव दुसऱ्याचें, असें झालें. परंतु चाकाचा कोन ही अनुमानाची नव्हे, भूमितीची बाब आहे, हें तेव्हांपासून मान्य झालें.

मोटर आली तेव्हां पुढचीं दोन्ही चाकें एकाच लोखंडी आंसाच्या टोकांना बसविलेलीं असत. आंसाचा कल बदलावयाचा झाल्यास तो आणि कमान यांच्यामध्यें निमुळती पाचर बसवीत. शिमची ही थोरली बहीणच म्हणावयाची. पण 1920 नंतरच्या दशकांत मऊ, फुगीर टायर आले, पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, वेग वाढला, आणि या रचनेचा दोष उघडा पडला. एक चाक उंचवट्यावर चढलें कीं आंस तिरपा होई, त्यासरशीं दुसरें चाकही कले आणि पुढचीं चाकें हिंवताप भरल्याप्रमाणें थडथडूं लागत. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनींत गेलेले मॉरिस ऑली यांनीं या व्याधीचा कसून अभ्यास केला. 1934 सालच्या कॅडिलॅक मोटरींत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खालीं एक असे स्वतंत्र बाहू मिळाले. एका चाकाचा धक्का आतां दुसऱ्याला बाधेना.

परंतु एक अडचण गेली आणि दुसरी आली. पूर्वीं दोन्ही चाकांचा कोन एकाच दांड्यावर अवलंबून असे. आतां तो अनेक बाहू, सांधे आणि खिळ्यांवर अवलंबून राहूं लागला. कारखान्यांत घडलेला कोणताही भाग मापांत केसभर कमीअधिक असावयाचाच, आणि असे केसभर दोष एकत्र आले कीं चाक कलतें. मग टायर एकाच कडेला झिजतो आणि गाडी एका बाजूला ओढूं लागते. यावर दोन उपाय होते. प्रत्येक भाग निर्दोष घडविण्याचा अट्टाहास धरावा, किंवा दोष राहणारच असें मानून तो सुधारण्यास जागा ठेवावी. पुष्कळ कारखान्यांनीं दुसरा मार्ग धरला. बाहू जेथें सांगाड्याला जोडतात तेथें शिमांसाठीं जागा ठेविली.

याचें एक उत्तम उदाहरण म्हणजे 1961 च्या मार्च महिन्यांत जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम दाखविलेली जग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ मोटर. 2008 सालीं टाटा मोटर्सनें ही कंपनी विकत घेतल्यापासून तिचें नांव आपल्याकडे अधिक परिचित झालें आहे. या मोटरीच्या मागच्या चाकांना शक्ति पोंचविणारा दांडाच वरच्या बाहूचेंही काम करतो. त्याचें आंतलें टोक आणि ब्रेकची तबकडी यांच्यामध्यें शिमा असतात. 0.020 इंच, म्हणजे अवघ्या अर्ध्या मिलिमीटरची एक शिम घातली, तर चाकाचा कल सुमारें पाव अंशानें बदलतो. कारखान्यानें सांगितलेलें माप असें कीं, या चाकाचा माथा आंतल्या बाजूला पाऊण अंश कललेला असावा; चूक फार तर पाव अंशाची चालेल. पाव अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु 26 इंच व्यासाच्या चाकाचा माथा आणि तळ यांत तेवढ्यानें जवळजवळ तीन मिलिमीटरांचा फरक पडतो. अर्ध्याचे तीन होतात, ही भूमितीची किमया.

अशी एक जुनी मोटर मीं प्रथम जवळून पाहिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत. शाळेंत तो भूमितींत सदा नापास. "कोनाचें आणि तुझें वैर आहे," असें मीं त्याला साऱ्या वर्गासमोर म्हटलेलें मला आठवतें. आज तोच पोलादी दांड्यांनीं सस्पेन्शन ठरीव उंचीवर धरून, कोन मोजून, शिमांची नोंद वहींत करीत होता. मीं विचारलें, "माप चुकलें कीं शिम घालावयाची, एवढेंच ना?"

तो म्हणाला, "नाहीं, सर. आधीं जमीन सपाट आहे का पाहायचें, मग टायरांतली हवा, मग प्रत्येक सांधा हलवून बघायचा. सांधा झिजला असेल तर शिम घालून कोन जुळतो, पण ती फसवणूक झाली. दहा मैलांत पुन्हां बिघडतो. आधीं कारण, मग शिम."

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. हा मुलगा मागच्या बाकावर बसत असे. माझ्या वर्गांतून गेल्यावर दोन वर्षांनीं त्याला चष्मा लागला. फळ्यावरचे माझे कोन त्याला कधीं दिसलेच नव्हते. मीं त्याला शिकवणी दिली, शिक्षा केली, प्रगतिपुस्तकांत शेरे लिहिले. शिमा पुष्कळ घातल्या, सांधा मात्र एकदांही हलवून पाहिला नाहीं.

मीं तें त्याला बोलून दाखविलें. तो हंसला आणि कोन मोजण्याचें यंत्र माझ्या हातीं देऊन म्हणाला, "सर, हें तुम्हीच वाचा. माझी नजर अजून कच्चीच आहे."

कांटा पाऊण अंशावर होता. मीं तो दोनदां वाचला आणि मगच त्याला आंकडा सांगितला.