डोमेन प्रशासक खाते

डोमेन प्रशासक खाते हे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या निर्देशिका सेवेवर आधारलेल्या संगणक जाळ्यातील व्यापक अधिकारांचे खाते होय. अशा जाळ्यातील वापरकर्ते, संगणक, प्रिंटर आणि त्यांचे प्रवेशाधिकार यांची नोंद ज्या एककात एकत्र ठेवली जाते, त्यास 'डोमेन' म्हणतात. ही नोंद 'डोमेन कंट्रोलर' नावाच्या सर्व्हरवर असते. डोमेन प्रशासक या नोंदींत बदल करू शकतो आणि डोमेनला जोडलेल्या संगणकांवर प्रवेश मिळवू शकतो. त्यामुळे असे एक खाते चोरीला गेले तरी संपूर्ण जाळे परक्याच्या ताब्यात जाऊ शकते.

पार्श्वभूमी

ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० सर्व्हरसोबत उपलब्ध झाली. त्यापूर्वीच्या विंडोज एनटी प्रणालीतही डोमेन होते. मात्र नोंदींतील बदल एकाच मुख्य कंट्रोलरवर करावे लागत. नव्या रचनेत कोणत्याही कंट्रोलरवर केलेला बदल इतरांपर्यंत आपोआप पोहोचू लागला. वापरकर्त्याची ओळख पटवण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे विकसित झालेली 'कर्बेरॉस' ही पद्धत स्वीकारण्यात आली.

अंगभूत खाती व गट

डोमेन तयार होताच 'ॲडमिनिस्ट्रेटर' हे खाते आपोआप निर्माण होते. प्रत्येक खात्यास एक सुरक्षा ओळखक्रमांक असतो; या खात्याच्या क्रमांकाचा शेवट नेहमी ५०० ने होतो. खात्याचे नाव बदलता येते, परंतु हा क्रमांक बदलत नाही. म्हणून केवळ नाव बदलल्याने खाते लपत नाही.

सर्वोच्च अधिकार असलेले प्रमुख गट पुढीलप्रमाणे आहेत:

• डोमेन ॲडमिन्स – एका डोमेनचे प्रशासकीय अधिकार. संगणक डोमेनला जोडला की हा गट त्या संगणकाच्या स्थानिक प्रशासक गटात आपोआप समाविष्ट होतो.
• एंटरप्राइझ ॲडमिन्स – एक वा अनेक डोमेन मिळून होणाऱ्या 'फॉरेस्ट' या समूहाचे अधिकार.
• स्कीमा ॲडमिन्स – नोंदींच्या मूळ आराखड्यात बदल करण्याचा अधिकार.

शेवटचे दोन गट फॉरेस्टच्या मूळ डोमेनमध्येच असतात. ते एरवी रिकामे ठेवून गरजेपुरताच सदस्य जोडावा, अशी शिफारस केली जाते.

अधिकारांची विभागणी

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मधील आपल्या शोधनिबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले. प्रत्येक वापरकर्त्यास कामापुरतेच अधिकार असावेत, असे हे तत्त्व सांगते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्यासाठी खात्यांचे 'संघटनात्मक विभाग' करून मर्यादित अधिकार सोपवता येतात. उदाहरणार्थ, मदत कक्षातील कर्मचाऱ्यास एका विभागातील पासवर्ड बदलण्यापुरता अधिकार देता येतो. त्यासाठी त्याला डोमेन प्रशासक करण्याची गरज नसते.

प्रशासकाने दैनंदिन कामासाठी साधे व प्रशासनासाठी वेगळे, अशी दोन खाती वापरावीत असा संकेत आहे. मोठ्या संस्थांत डोमेन कंट्रोलर, इतर सर्व्हर आणि कर्मचाऱ्यांचे संगणक असे तीन स्तर मानले जातात. वरच्या स्तराच्या खात्याने खालच्या स्तरावरील संगणकावर लॉग-इन करू नये, हा त्यातील मुख्य नियम आहे. लॉग-इन केल्यावर ओळखीचा तपशील संगणकाच्या स्मृतीत राहू शकतो आणि त्या संगणकाचा ताबा मिळवलेल्या व्यक्तीस तो काढून घेता येतो.

सर्व संगणकांवरील स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड एकच असणे हाही असाच धोका होय. प्रत्येक संगणकासाठी वेगळा पासवर्ड ठरवून तो ठरावीक काळाने बदलणारे 'लॅप्स' हे साधन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये दिले. २०२३ पासून ते विंडोजमध्येच समाविष्ट आहे.

नोटपेट्या हल्ला

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून 'नोटपेट्या' ही घातक आज्ञावली पसरली. ती संगणकाच्या स्मृतीतून ओळखीचा तपशील काढून त्याच अधिकाराने शेजारच्या संगणकांत शिरत असे. ज्या संगणकावर प्रशासकाने लॉग-इन केलेले असे, तेथून तिचा प्रसार विशेष वेगाने होई. मर्स्क या डॅनिश जहाजवाहतूक कंपनीचे कामकाज त्यामुळे कोलमडले आणि नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनललाही फटका बसला. 'वायर्ड' नियतकालिकाच्या २०१८ मधील वृत्तानुसार कंपनीचे डोमेन कंट्रोलर नष्ट झाले होते. घानामधील एक कंट्रोलर वीज खंडित झाल्याने जाळ्यापासून तुटला होता, म्हणून बचावला. त्याच्या आधारे पुनर्उभारणी करण्यात आली. कंपनीने आपले नुकसान २५ ते ३० कोटी अमेरिकन डॉलर असल्याचा अंदाज दिला.

खाते ताब्यातून गेल्यास

डोमेन प्रशासकाचे अधिकार परक्याच्या हाती गेल्यास त्या खात्याचा पासवर्ड बदलणे पुरेसे ठरत नाही. कर्बेरॉसची प्रवेशतिकिटे 'केआरबीटीजीटी' या अंगभूत खात्याच्या गुप्त किल्लीने बनतात. ती किल्ली चोरीला गेली असल्यास हल्लेखोर कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने बनावट तिकीट तयार करू शकतो. या खात्याचा चालू व त्याआधीचा असे दोन्ही पासवर्ड प्रणाली ग्राह्य धरते. म्हणून तो दोनदा बदलावा लागतो. पहिला बदल सर्व कंट्रोलरपर्यंत पोहोचून जुन्या तिकिटांची मुदत (मूळ मांडणीत १० तास) संपल्यावर दुसरा बदल केला जातो. त्याआधी केल्यास चालू तिकिटे अग्राह्य ठरून सेवा खंडित होऊ शकतात.