शिखरांना नावे देणारा माणूस

काराकोरम पर्वतराजीचा नकाशा समोर ठेवला, की एक गोष्ट पटकन नजरेत भरते. या नकाशावर दोन प्रकारची नावे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. ‘काराकोरम’ हा शब्द तुर्की वळणाचा, त्याचा अर्थ काळे दगडगोटे. बाल्टोरो, बियाफो, हिस्पार, माशेरब्रुम ही तिथल्या माणसांच्या तोंडातली नावे. ‘गाशेरब्रुम’ म्हणजे बाल्टी भाषेत देखणा पर्वत. आणि याच नावांच्या मध्ये अचानक भेटतात कॉन्कॉर्डिया, ब्रॉड पीक, हिडन पीक, स्नो लेक, गोल्डन थ्रोन! आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या गिलगिट-बाल्टिस्तानातल्या त्या बर्फाळ मुलखात ही इंग्रजी नावे आली कुठून?

ती एका माणसाने दिली, आणि तीही एकाच मोसमात, १८९२ साली. त्या माणसाचे नाव विल्यम मार्टिन कॉन्वे. पण कॉन्वे म्हणजे केवळ गिर्यारोहक नव्हेत. ते चित्रकलेचे अभ्यासक होते, कलेचे प्राध्यापक होते आणि पुढे ब्रिटिश संसदेचे सदस्यही झाले. एका आयुष्यात तीन आयुष्ये जगलेला हा माणूस. मला मात्र या तिन्ही आयुष्यांतून एकच धागा गेलेला दिसतो. तो धागा नावाचा आहे. कुणाचे नाव राहते आणि कुणाचे पुसले जाते, याचा.

कॉन्वे यांचा जन्म १२ एप्रिल १८५६ रोजी इंग्लंडमधल्या रॉचेस्टर गावी झाला. त्याच १८५६ साली हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्यातील मॉन्टगोमेरी या अधिकाऱ्याने काश्मीरमधल्या एका डोंगरावरून दूर क्षितिजावरची दोन उत्तुंग शिखरे पाहिली आणि वहीत त्यांची नोंद केली, के-१ आणि के-२. पहिल्याचे माशेरब्रुम हे स्थानिक नाव नंतर कळले. दुसऱ्याच्या कपाळी मात्र तो कोरडा क्रमांकच कायमचा राहिला. जगातले दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आजही एका अक्षराने आणि एका आकड्याने ओळखले जाते.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना कॉन्वे यांना हेन्री ब्रॅडशॉ या विद्वान ग्रंथपालांचा सहवास लाभला. त्यांच्या प्रेरणेने कॉन्वे जुन्या छापील पुस्तकांतल्या चित्रांकडे वळले. पंधराव्या शतकात नेदरलँड्समध्ये लाकडी ठशांवर चित्रे कोरणारे कारागीर होते. आपल्याकडच्या जुन्या शिल्पकारांप्रमाणेच त्यांनीही कामावर सही केली नाही. कॉन्वे यांनी काय केले? कोण रेघ कशी ओढतो, सावली कशी दाखवतो, याची बारकाईने तुलना करून हे काम अमक्या हाताचे, ते तमक्या हाताचे, अशी वर्गवारी लावली. १८८४ साली या विषयावर त्यांचे पुस्तक निघाले. नाव हरवलेल्या कारागिरांची निदान ओळख तरी परत मिळवून देणे, हे त्यांचे पहिले मोठे काम. पुढे ते लिव्हरपूलला कलेचे प्राध्यापक झाले. जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या लेखनावरचा त्यांचा ग्रंथ १८८९ साली आला.

अशी चित्रे वाचण्यात मुरलेली नजर घेऊन हा छत्तिशीचा गृहस्थ १८९२ साली काश्मीरमार्गे गिलगिटला पोहोचला. बरोबर मॅककॉर्मिक नावाचा चित्रकार होता, झुरब्रिगन हा आल्प्समधला नामांकित वाटाड्या होता, लेफ्टनंट ब्रूस हा तरुण लष्करी अधिकारी होता आणि त्याच्या पलटणीतले चार गुरखा जवान होते. हाच ब्रूस पुढे १९२२ आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांचा प्रमुख झाला. हिस्पार हिमनदी चढून, खिंड ओलांडून, बियाफो हिमनदीवरून ही मंडळी अस्कोले गावी उतरली. शंभर किलोमीटरहून लांब असा तो बर्फाचा रस्ता. मग ते बाल्टोरोकडे वळले. ऑगस्टच्या अखेरीस ज्या शिखरावर ते चढले त्याला त्यांनी पायोनियर पीक म्हटले. त्यांच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे ते २२ हजार फुटांहून उंच होते.

सोबत नकाशाचे काम चालूच होते. सुमारे ५,१८० चौरस किलोमीटर मुलूख त्यांनी कागदावर आणला आणि त्याबद्दल १८९५ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. नकाशा म्हटला की नावे आली. आल्प्समध्ये अनेक हिमनद्या जिथे एकत्र येतात त्या जागेला कॉन्कॉर्डिया म्हणतात, म्हणून बाल्टोरोवरचा संगमही कॉन्कॉर्डिया झाला. आल्प्समधल्या ब्राइटहॉर्नची, म्हणजे रुंद शिखराची, आठवण झाली म्हणून ब्रॉड पीक. इतर शिखरांच्या आड दडलेले म्हणून हिडन पीक. नावे चांगली आहेत, यात वाद नाही. एखाद्या चित्राला शीर्षक द्यावे तशी ती नेमकी आहेत. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर उभे राहून सह्याद्री पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर अशा नावांची सवयच आहे.

पण इथे जरा थांबायला हवे. कॉन्वे तिथे पोहोचण्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर १८९१ मध्ये, इंग्रजी फौजेने हुंझा आणि नगर ही संस्थाने जिंकली होती. आधी बंदूक गेली, मग दुर्बीण गेली. ज्या अस्कोलेच्या परिसरातल्या बाल्टी हमालांनी पाठीवर ओझी वाहिली, त्यांच्या बापजाद्यांनी हे डोंगर पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. कॉन्वे यांनी ज्या बर्फाच्या मैदानाला स्नो लेक म्हटले, त्याला बाल्टी भाषेत ‘लुकपे लावो’ असे नाव आहे. हॉलंडच्या निनावी कारागिरांचा हात ओळखण्यासाठी वर्षे घालवणाऱ्या माणसाच्या नकाशावर त्या हमालांपैकी एकाचेही नाव नाही. हे मी कॉन्वे यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी म्हणत नाही. त्या काळाची नजरच तशी होती. पण ती तशी होती, हे सांगितल्याशिवाय त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

गुरख्यांच्या बाबतीत मात्र त्यांची नजर वेगळी होती. १८९४ साली त्यांनी आल्प्स पर्वत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडला, तेव्हा करबीर आणि अमरसिंग या दोघा जवानांना मुद्दाम युरोपात बोलावून घेतले आणि आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी नावानिशी लिहिले. १८९६ साली कॉन्वे उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर गेले. १८९८ साली दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियामधल्या इलिमानी शिखरावर चढले. त्यानंतर हळूहळू ते पुन्हा चित्रांकडे वळले आणि १९०१ साली केंब्रिजला कलेचे प्राध्यापक झाले.

राजकारणाचे वेड जुनेच होते. १८९५ साली उदारमतवादी पक्षातर्फे बाथ शहरातून ते उभे राहिले आणि पडले. निवडून आले ते १९१८ साली, हुजूर पक्षातर्फे, इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या मतदारसंघातून. आपल्या विधान परिषदेतल्या पदवीधर मतदारसंघासारखीच ही व्यवस्था होती, पदवीधरांनीच मत द्यायचे. १९३१ पर्यंत ते खासदार होते. याच काळात, १९२४ साली, ते रशियात गेले. बोल्शेविकांनी चित्रांची आणि राजवाड्यांची धूळधाण केली, अशी चर्चा तेव्हा युरोपभर होती. हुजूर पक्षाच्या या खासदाराने संग्रहालये डोळ्यांनी पाहिली आणि परत येऊन पुस्तकात लिहिले, की कलावस्तू नीट जपलेल्या आहेत. आपल्या पक्षाला न रुचणारे सत्य सांगायला धाडस लागते, तेव्हाही आणि आताही.

पण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १९१७ साली, लंडनमध्ये युद्धाचे संग्रहालय उभारायचे ठरले आणि त्याचे महासंचालकपद कॉन्वे यांच्याकडे आले. मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते त्यांनी विनावेतन सांभाळले. आधी त्याचे नाव ‘राष्ट्रीय’ होते. हिंदुस्थान आणि इतर वसाहतींचाही या युद्धात वाटा आहे, म्हणून वर्ष संपण्याआधी ते ‘इंपीरियल’ झाले. तिथे केवळ तोफा आणि सेनापतींची तैलचित्रे गोळा झाली नाहीत. घराघरांतून आवाहन करून मृत सैनिकांची छायाचित्रे मागवली गेली. अधिकाऱ्यांची, तशीच साध्या शिपायांचीही. स्त्रियांनी युद्धकाळात केलेल्या कामाची नोंद ठेवण्यासाठी वेगळी समिती होती आणि त्यांची मुलगी अ‍ॅग्नेस तिची सचिव होती. १९२० साली क्रिस्टल पॅलेसमध्ये हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

कॉन्वे यांनी जमवलेली कला आणि वास्तुशिल्पांची सुमारे एक लाख छायाचित्रे लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटला मिळाली. तिथला ‘कॉन्वे संग्रह’ आजही अभ्यासकांच्या कामी येतो. १९३१ साली ते लॉर्ड झाले आणि १९ एप्रिल १९३७ रोजी त्यांचे निधन झाले.

गिर्यारोहणाच्या इतिहासात त्यांच्याहून मोठे चढवय्ये झाले, कलेच्या इतिहासात मोठे पंडित झाले, राजकारणात तर त्यांचे नाव तळटीपेतच सापडेल. तरीही हा माणूस मला महत्त्वाचा वाटतो, कारण नाव देण्याची ताकद आणि नाव विसरण्याचा दोष, दोन्ही त्यांच्या आयुष्यात दिसतात. निनावी कारागिरांचा हात त्यांनी ओळखला, बाल्टी हमालांना ते नकाशावर विसरले, आणि उतारवयात साध्या शिपायाचा चेहरा जपणारी वास्तू उभी केली. शिखराला आपण दिलेल्या नावाची गरज नसते. ओझे वाहणाऱ्या माणसाला मात्र असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)